कायद्याबाहेरचा नायक

रहस्यकथा हा शब्द उच्चारला की आपल्याकडच्या प्रतिष्ठित मंडळींच्या कपाळाला बारीकशी आठी पडते. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संत यावेत, समाजसुधारक यावेत, अर्थसंकल्प यावा. पण ज्या पुस्तकाच्या वेष्टनावर पिस्तूल रोखलेला माणूस आहे, त्याने मागल्या दारानेच घरात शिरावे असा एक अलिखित दंडक आहे. आम्हांला हा दंडक मान्य नाही. एखाद्या काळात लोकांवर कोणी राज्य केले हा जसा इतिहास, तसाच त्या काळात लोकांनी मनातल्या मनात कोणाला नायक मानले हाही इतिहासच होय. किंबहुना पहिला इतिहास सरकारी दप्तरात मिळतो. दुसरा मिळवायला वाचनालयातली, पाने सुटलेली, कडा खाल्लेली पुस्तके चाळावी लागतात.

आमचा प्रश्न साधा आहे. मराठी माणसाने ज्या रहस्यकथा सर्वांत अधिक वाचल्या त्यांतले सर्वांत लाडके नायक पोलीस का नव्हते? आणि पुढे जेव्हा वर्दीतला माणूस नायकाच्या जागी येऊन उभा राहिला, तेव्हा काय घडले? आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांच्या दाराशी आणि युनियनच्या कचेरीतल्या लाकडी बाकावर झाले. तेव्हा या प्रश्नाकडे आम्ही ज्या बाजूने पाहतो ती बाजू सांगतो. ती एकच बाजू आहे असा आमचा आग्रह नाही.

बाबूराव अर्नाळकर हे नाव न ऐकलेला मराठी वाचक जुन्या पिढीत सापडणे कठीण. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. या नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजारावर! एका बैठकीत संपतील अशी ती लहान पुस्तके होती. गिरणीतून सुटलेला साचेवाला, दुकानातला कारकून, लोकलच्या डब्यात खांबाला टेकून उभा असलेला फिटर, आणि जेवणे आटोपल्यावर दिव्याखाली बसलेली त्याची बायको, असा त्यांचा वाचक होता. साक्षर झालेल्या, पण ग्रंथांच्या वाटेला जाण्याइतकी उसंत नसलेल्या हजारो माणसांना सलग वाचायची सवय या पुस्तकांनी लावली, ही गोष्ट साक्षरतेच्या कोणत्याही इतिहासाने नोंदवली पाहिजे. आमच्या हाती ती आली तेव्हा त्यांची वेष्टने केव्हाच गेली होती, आणि अनेकांची शेवटची दोन पानेही. गुन्हेगार कोण हे मग आपापसांत ठरवावे लागे.

अर्नाळकरांकडे धनंजय होता आणि त्याचा साथी छोटू होता. धनंजय हा सरळ मार्गाचा गुप्तहेर. पुरावा गोळा करावा, धागा जुळवावा आणि गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन करावा. पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते झुंजारचे आणि काळापहाडचे. हे दोघे कायद्याच्या रेषेवर उभे. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. दुर्जनाची तिजोरी फोडणे त्यांना निषिद्ध नाही. पोलीस त्यांच्या मागावर असतात आणि त्याच पोलिसांना न उलगडलेले कोडे हेच उलगडून देतात. वाचक कोणाच्या बाजूने? सदैव त्यांच्याच. काळापहाड निसटला की साऱ्या चाळीला बरे वाटे.

असे नायक केवळ आपल्याकडेच झाले असे नव्हे, आणि अर्नाळकरांनी इंग्रजी पुस्तकांची उसनवारी केली हेही लपून राहिलेले नाही. लंडनमध्ये हॉर्नंगने १८९८ मध्ये रॅफल्स हा सभ्य चोर उभा केला. हा हॉर्नंग शेरलॉक होम्सच्या जनकाचा, कॉनन डॉइलचा, मेहुणा. पॅरिसमध्ये मॉरिस लब्लांने १९०५ मध्ये आर्सेन ल्युपँ जन्माला घातला. १९२८ मध्ये लेस्ली चार्टरिसचा ‘सेंट’ आला. याहून मागे गेलो तर मोठी मौज दिसते. फ्रान्समध्ये १८१२ च्या सुमारास पोलिसांचे गुप्त शोधपथक ज्याने उभारले तो व्हिदोक स्वतःच शिक्षा झालेला, तुरुंग फोडून पळालेला कैदी होता. त्याच्या आठवणी १८२८ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि युरोपातल्या कित्येक कादंबरीकारांनी त्या विहिरीतून पाणी काढले. म्हणजे पोलिसी शोधकथेच्या मुळाशीच चोर आणि पोलीस एका अंगरख्यात बसलेले आहेत.

तरीही उसनवारीने सगळा उलगडा होत नाही. बाजारात शंभर नमुन्यांचे कापड येते. त्यातले कोणते खपते हे गिऱ्हाईक ठरवते. मराठी गिऱ्हाइकाने धनंजयाला नमस्कार केला आणि झुंजारला घरी नेले. का?

याचे उत्तर शोधायला मुंबईच्या पोलिसी इतिहासात थोडे मागे जावे लागेल. या शहरातला पहिला नामांकित गुप्तहेर कादंबरीतला नव्हे, खराच होता. चार्ल्स फोर्जेट हे त्याचे नाव. तो हिंदुस्थानातच जन्मला होता. मराठी आणि हिंदुस्थानी त्याला अस्खलित येत असे, आणि वेषांतर करून बाजारात हिंडले तर कोणी ओळखू नये इतका तो इथल्या मातीत मिसळलेला होता. १८५७ साली मुंबईच्या पलटणीतले काही शिपाई सोनापूरजवळच्या एका घरात जमतात, हे त्याने हेरले. भिंतीला पाडलेल्या भोकांतून त्याने त्यांचे बोलणे ऐकले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी त्यांतल्या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर, लोकांदेखत, तोफेच्या तोंडी देण्यात आले. इंग्रजांच्या लेखी फोर्जेट हा मुंबईचा तारणहार ठरला. ताडदेवच्या बाजूला त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या गिरणीकामगार पाळीला गेले. गुप्त पोलीस म्हणजे भिंतीच्या भोकाशी लावलेला सरकारचा कान, ही त्या काळची सामान्य माणसाची पहिली ओळख. या ओळखीतून लाडका नायक कसा निर्माण व्हावा?

खेड्यातला अनुभव तर याहून कडू होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा घडण्याची गरजच उरली नाही. माणूस जन्मला की गुन्हेगार. मांग, रामोशी, पारधी, कैकाडी अशा जमातींतल्या अनेकांना रोज हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे, आणि कोठेही चोरी झाली तरी पहिली धाड त्यांच्याच वस्तीवर पडे. सबंध देशातून हा कायदा जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ज्याच्या आजाने अशी हजेरी दिली आणि जो पोटासाठी मुंबईस येऊन खात्यात लागला, त्याच्या मनात कायदा आणि न्याय ही दोन वेगवेगळी माणसे होती. एक त्याला रोज भेटत असे. दुसऱ्याचे त्याने फक्त नाव ऐकले होते.

येथे आपल्या उपनगराचा धागा लागतो. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे लिहीत होते. शाळेत ते दीड दिवसच गेले असे सांगतात. वाटेगावाहून मुंबईस पायी आलेला, गिरणीत राबलेला, लाल बावटा कलापथकातून शाहिरी केलेला हा माणूस. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. फकिरा हा त्या हजेरीच्या कायद्याखाली भरडलेला मांग जवान. दुष्काळात आपली माणसे अन्नावाचून मरताना पाहून तो धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. कायद्याच्या वहीत तो दरोडेखोर, वस्तीच्या तोंडी तो वाघ.

ज्या कपाटात झुंजार होता त्याच कपाटात फकिराही होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कामगार वाचक दोन्ही पुस्तके एकाच पिशवीतून नेत असे. टीकाकारांनी एकाला करमणूक म्हटले, दुसऱ्याला साहित्य. वाचकाला मात्र दोघांत एक नाते दिसत होते, आणि ते नाते खोटे नव्हते. सरकारी वहीत गुन्हेगार असलेला माणूस आपला कैवारी असू शकतो, हे ते नाते. फरकही होता. फकिराजवळ वस्ती आहे. त्याच्या प्रत्येक कृत्याचा जाब विचारणारी माणसे त्याच्या भोवती आहेत, आणि त्याची किंमत तो आपल्या प्राणाने मोजतो. झुंजार एकटा आहे. त्याला जाब विचारणारा कोणी नाही, आणि त्याला कधी काही मोजावे लागत नाही. पुढच्या महिन्यात तो नव्या पुस्तकात पुन्हा ताजातवाना हजर.

मग झुंजार चुकत कसा नाही? तो निरपराध माणसाची मान कधीच कशी धरीत नाही? याचे कारण त्याचा अंगभूत सद्‌गुण नव्हे. त्याच्या पाठीशी लेखक उभा आहे. खलनायक कोण हे लेखकाला ठाऊक, वाचकाला विसाव्या पानावर ठाऊक, म्हणून झुंजारला साक्षीपुरावा लागत नाही. पुस्तकातला न्याय तात्काळ होतो, कारण पुस्तकात सत्य आधीच ठरलेले असते. रस्त्यावरच्या जगाला असा लेखक नाही. तिथे सत्य शोधावे लागते, आणि ते शोधायला वेळ, वही आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे लागते. झुंजारचा परवाना पुस्तकाबाहेर काढून कोणाच्या हाती दिला तर काय होईल? हा प्रश्न मराठी लेखकांनीच पुढे विचारला, आणि तो अशा वेळी विचारला की त्याहून योग्य वेळ शोधून सापडली नसती.

१९८२ हे साल मुंबईने विसरू नये. ११ जानेवारीस वडाळ्यात मन्या सुर्वे हा पदवी घेतलेला गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला; मुंबईतली पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख होत आला आहे. आठवड्याने, १८ जानेवारीस, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांचे पुढारी होते घाटकोपरात डॉक्टरकी करता करता खाणकामगारांचे झालेले दत्ता सामंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काय झाले? पोलीस शिपायांनी आपली संघटना उभारली होती. सरकारने तिची मान्यता काढून पुढाऱ्यांना पकडले, आणि १८ ऑगस्टला शिपाई स्वतःच रस्त्यावर आले. जाळपोळ झाली, गिरणगावात संपकरी कामगार त्यांच्यात मिसळले, आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. ज्याच्या हातात लाठी तोही एका पगारपत्रकावरचा कामगारच आहे, हे त्या दिवशी क्षणभर उघडे पडले आणि पुन्हा झाकले गेले.

पुढल्याच वर्षी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ हा चित्रपट आला. भाषा हिंदी, पण मुळात कथा मराठी, श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. नायक अनंत वेलणकर हा मुंबई पोलिसांतला सब-इन्स्पेक्टर. बाप निवृत्त हवालदार. घरात आईला मारणारा. मुलाला शिकायचे होते, बापाने त्याला वर्दीत घातले. हा तरुण प्रामाणिक आहे, धाडसी आहे, अन्याय पाहिला की त्याचे रक्त तापते. म्हणजे झुंजारला लागणारे सगळे साहित्य त्याच्यापाशी आहे. समोर रामा शेट्टी हा दादा. त्याच्या माणसांना पकडले की वरून दूरध्वनी येतो आणि माणसे सुटतात. जिवावर उदार होऊन दरोडेखोर पकडावा, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावे जमा होते. रामा शेट्टी तर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो.

आणि मग या प्रामाणिक माणसाचा साठलेला संताप कोठे फुटतो? रामा शेट्टीवर नव्हे. कोठडीत आणलेल्या एका भुरट्या चोरावर. वेलणकर त्याला इतके मारतो की तो मरतो. आमच्या मते सबंध चित्रपटाचे मर्म या एका घटनेत आहे, आणि मराठी रहस्यकथेने चाळीस वर्षे न सांगितलेली गोष्ट ती हीच. कायद्याबाहेरचा हात सुटला की तो बलवंताकडे जात नाही. त्याच्याभोवती भिंत असते, वकील असतो, दूरध्वनी असतो. तो हात उताराने वाहतो आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यावर येऊन पडतो. पुढे नोकरी वाचवण्यासाठी वेलणकर त्याच रामा शेट्टीच्या दारी जातो, रामा त्याला आपला माणूस करू पाहतो, आणि त्या अपमानाने पेटून वेलणकर त्याचा गळा दाबतो व ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहात टाळ्या पडत त्या शेवटच्या प्रसंगाला. त्या भुरट्या चोराची आठवण टाळ्या वाजवताना फारशी कोणाला होत नसे.

टाळ्यांचा हा हिशेब पुढे मुंबईला, विशेषतः आपल्या उपनगरांना, चुकता करावा लागला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीत पोलिसांनी ‘स्वाती’ या इमारतीला वेढा घातला. भरदिवसा तासन्‌तास गोळीबार चालला. माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार असे सात जण ठार झाले. लोक गच्च्यांवरून पाहत होते. २००७ मध्ये त्याचाही चित्रपट निघाला. नव्वदीच्या दशकात चकमक हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रातला झाला. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर किती, याची गणती क्रिकेटच्या धावांसारखी छापून येऊ लागली. अर्नाळकरांचा काळापहाड जणू बुरखा उतरवून सरकारी नोकरीस लागला.

आम्हांला गुंडांचा कळवळा आहे असे कोणी समजू नये. संप फोडायला कोण येतात, कारखान्याच्या जमिनीचा सौदा ठरला की युनियनच्या कचेरीत कोण येऊन बसतात, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. तेव्हा भीतीने गांजलेल्या लोकांनी चकमकींना आशीर्वाद का दिला, हे आम्ही समजू शकतो. खटला वीस वर्षे चालतो, साक्षीदार फिरतो, दादा जामिनावर सुटून नाक्यावर उभा राहतो. मग माणूस म्हणतो, बरे झाले, एकदाचा निकाल लागला. या वाक्यात त्याचा क्रूरपणा कमी आणि थकवा अधिक आहे.

पण निकाल लागला म्हणजे कोणाचा? ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैया या नावाने ओळखला जाणारा रामनारायण गुप्ता चकमकीत मेला, असे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा भाऊ वकील होता. तो हटला नाही. त्या माणसाला वाशीहून उचलून आणले आणि मग मारले असे न्यायालयात सिद्ध झाले. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या बहुतेकांची शिक्षा कायम केली. मारणारे अमुक, मेला तमुक, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. ज्यांच्या मागे वकील भाऊ नव्हता त्यांच्या कागदांचे काय, हा प्रश्न मागे राहतो. मुंबईतल्या चकमकींवरूनच न्यायालयात गेलेल्या एका अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी नियम घालून दिले: चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि तपास दुसऱ्या यंत्रणेने केला पाहिजे. नियम चांगले आहेत. पण नियमाला पाळणारा लागतो, आणि पाळला की नाही हे विचारणाराही लागतो.

कोणी म्हणेल, कामगार-कार्यकर्त्याचा या साऱ्याशी संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. आमच्या धंद्यात एक जुनी शिस्त आहे. कामगारावर कसलाही आरोप असो, अगदी चोरीचा असो, त्याला लेखी आरोपपत्र मिळाले पाहिजे, चौकशी झाली पाहिजे, त्याला साक्षीदार उलटतपासता आले पाहिजेत. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने हे तत्त्व देशभर बसवले. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलली तरी तत्त्व तेच आहे. त्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी उपास काढले आहेत.

मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात एका हेल्परच्या डब्यात पितळी बुश सापडले. दारावरच्या रखवालदारांनी त्याला केबिनमध्ये नेले आणि बाहेर आमचेच काही सभासद म्हणू लागले, “चार ठेवून द्या साहेब, चोरच आहे तो.” आमच्या कमिटीने केबिनचे दार उघडायला लावले आणि सांगितले की आरोपपत्र द्या. चौकशी झाली. माणूस दोषी होता; त्याची नोकरी गेली, ती आम्ही वाचवू शकलो नाही आणि वाचवू शकत नव्हतो. पण चौकशीत गेटपासचे रजिस्टर मागवले गेले. दर शनिवारी भंगाराची एक लॉरी वजन न करताच बाहेर जात होती, असे त्या रजिस्टरवरून निघाले. डब्यात मावेल तेवढे पितळ नेणारा सापडला होता. लॉरीतून नेणारा तोवर कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. शेवटी कोणावर काही शाबीत झाले नाही, फक्त भंगाराचा ठेकेदार बदलला. तरी एवढे खरे की केबिनमध्ये मारहाण झाली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते, आणि ते रजिस्टर कधी उघडलेच नसते. मारणारा न्याय जलद वाटतो, पण तो तपास थांबवतो. बड्या चोराला याहून अधिक काय हवे असते?

आता वर्दीतल्या माणसाविषयी. झुंजारला रोजची ड्यूटी नव्हती. तो श्रीमंत होता; साहस संपले की आरामखुर्चीत बसत असे. आपल्या ठाण्यातला शिपाई सकाळी बंदोबस्ताला उभा राहतो तो रात्री कोठे सुटेल याचा नेम नाही. वर्षानुवर्षे बारा-बारा तासांची पाळी, सणावाराला रजा नाही, गळक्या क्वार्टरमध्ये संसार, आणि वरच्याचे बोलणे खाऊन खालच्यावर काढायचे, ही साखळी. वेलणकराचा बाप हवालदार आहे हे तेंडुलकरांनी उगाच ठेवलेले नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनेच्या हक्कावर कडक बंधने घातली. १९८२ चे बंड मोडले गेले. ज्याला स्वतःची तक्रार मांडायला जागा नाही तो दुसऱ्याची तक्रार शांतपणे कशी ऐकून घेईल? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा काढली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. पोलीस शिपायाला आठ तासांची पाळी मिळायला मात्र २०१६ चा मे महिना उजाडला, आणि तीही आपल्या उपनगरातल्या देवनार ठाण्यात, प्रयोग म्हणून. त्या ठाण्याच्याच एका शिपायाने कोष्टक मांडून दाखवले की आहे तेवढ्या माणसांत तीन पाळ्या बसवता येतात. चकमकीतल्या नामांकितांवर चित्रपट निघाले. त्या कोष्टकावर कोणी चित्रपट काढला नाही. आमच्या लेखी मात्र मुंबई पोलिसांच्या इतिहासातले ते एक शूर पान आहे.

याचा अर्थ अर्नाळकरांची पुस्तके जाळावीत असा नव्हे. आम्ही ती वाचली, आजही कोठे मिळाली तर वाचू. कायद्याच्या दारात उभे राहू न दिलेल्या माणसांनी, निदान पुस्तकात तरी, आपल्या बाजूचा एक माणूस असावा अशी इच्छा धरली. ती इच्छा अप्रामाणिक नव्हती. झुंजार हा त्यांच्या तक्रारअर्जाचाच एक प्रकार होता. मात्र तक्रारअर्ज म्हणजे निकालपत्र नव्हे. फकिरा वाचताना जो वाचक हजेरीच्या कायद्याने संतापतो, त्याने चकमकीच्या बातमीला टाळी देताना क्षणभर थांबून विचारावे की मेलेला माणूस फकिराच्या वस्तीतला तर नव्हता, आणि हे ठरवले कोणी.

थांबण्यासाठी काही साधने आपल्या हातात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात अटकेचे नियम सांगितले आहेत: अटकेची लेखी नोंद व्हावी, तिच्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावे, कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. आमच्या कचेरीत या नियमांचा कागद भिंतीवर लावलेला आहे आणि त्याच्याखाली पुस्तकांचे कपाट आहे. आपल्या वाचनालयांनीही रहस्यकथांच्या कपाटाजवळ असा एक कागद लावावा, अशी आमची या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आणि वाचकांना सूचना आहे. खर्च फार नाही. एक चौकट, एक खिळा. आणि वस्तीतल्या कोणाला ठाण्यात नेले, तर दोघांनी त्याच्याबरोबर जावे, बाहेर बाकावर बसावे, आणि वेळ लिहून ठेवावी.